क्लच प्लेटा गेल्या, पण गेल्या कशाने? बाईकचा क्लच आणि वॉरंटीचा घोळ

नवी बाईक, वर्षही झालेलं नाही, रनिंग सात-आठ हजार किलोमीटर, आणि खंबाटकी चढताना इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी काही पुढे पळत नाहीये. सर्व्हिस सेंटरला नेली की काउंटरवरचा माणूस गाडीकडे वळूनही न बघता सांगतो, "क्लच प्लेटा गेल्यात, त्या वॉरंटीत येत नाहीत, वेअर अँड टेअर आहे." निम्मे लोक इथेच गप्प बसून पैसे भरतात, उरलेले भांडतात, पण चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. "एवढ्या लवकर प्लेटा जातातच कशा" असं ओरडून काही होत नाही, कारण त्याच्याकडे उत्तर तयार असतं: तुम्ही हाफ क्लचवर चालवता.

मुळात प्लेटा जळणं हा शेवट आहे. त्याच्या आधी काहीतरी झालेलं असतं, आणि ते काय झालं यावर पैसे कोणी द्यायचे हे ठरतं. म्हणून आधी क्लच आत काय करतो हे थोडं समजून घेऊ, म्हणजे काउंटरवर उभं राहून नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आपल्याकडच्या जवळपास सगळ्या गियरच्या बाईकमध्ये वेट मल्टिप्लेट क्लच असतो. वेट म्हणजे तो इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो, आणि मल्टिप्लेट म्हणजे एकाआड एक प्लेटा. एक फ्रिक्शन प्लेट, जिच्यावर कॉर्कसारखं किंवा कागदी लायनिंग चिकटवलेलं असतं, मग एक साधी स्टील प्लेट, मग परत फ्रिक्शन. फ्रिक्शन प्लेटांचे बाहेरचे कान हाऊसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या भांड्याच्या, खाचांत बसतात आणि हे हाऊसिंग इंजिन फिरवतं. स्टील प्लेटांचे आतले दात क्लच सेंटरवर बसतात आणि ते सेंटर गियरबॉक्सला जोडलेलं असतं. वरून प्रेशर प्लेट आणि चार-पाच-सहा स्प्रिंगा हा सगळा गठ्ठा दाबून धरतात. तुम्ही लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, आतला रॉड प्रेशर प्लेट उचलतो, गठ्ठा सैल पडतो, इंजिन एकीकडे गियरबॉक्स एकीकडे. लिव्हर सोडला की स्प्रिंगा परत दाबतात. बस, एवढंच आहे, स्प्लेंडर असो नाहीतर ३९० ड्यूक, तत्त्व तेच. ड्यूक, डॉमिनार, आर१५ वगैरेमध्ये स्लिपर असिस्ट म्हणून एक भानगड जास्त असते, तिच्यामुळे लिव्हर हलका लागतो आणि पटापट गियर खाली टाकले तरी मागचं चाक उड्या मारत नाही. पण झिजणाऱ्या प्लेटा त्यातही असतातच.

आता यातली कळीची गोष्ट. लिव्हर पूर्ण सोडलेला असताना सगळ्या प्लेटा एकत्र फिरतात, घासत नाहीत, म्हणजे झीज जवळपास शून्य. लिव्हर पूर्ण दाबलेला असतानाही फारसं काही होत नाही, मध्ये तेल असतं. घासणं होतं ते मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. आणि तिथे तयार होणारी उष्णता किती असते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. समजा चढावर सिग्नल सुटला, इंजिन ४ किलोवॅट ताकद देतंय आणि गियरबॉक्सकडची बाजू इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतेय, तर निम्मी ताकद म्हणजे २ किलोवॅट त्या प्लेटांमध्ये उष्णता होऊन जातेय. बाथरूममधला साधा स्टोरेज गीझर साधारण तेवढाच असतो. एक-दोन सेकंद चाललं तर तेल ती उष्णता घेऊन जातं, म्हणून तर क्लच तेलात ठेवलाय, पण कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून उभं राहायची सवय असेल तर लायनिंग काळं पडतं, काचेसारखं गुळगुळीत होतं आणि एकदा तसं झालं की ते पकडत नाही. पकडत नाही म्हणून अजून घसरतं, घसरतं म्हणून अजून तापतं. त्यामुळे क्लच जायला लागला की शेवटचा टप्पा फार पटकन येतो, आज थोडा स्लिप होतोय आणि पुढच्या आठवड्यात गाडी घाटात उभी.

गाडी काय सांगतेय ते आधी ओळखा

"क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगून गाडी देऊ नका. क्लचच्या तक्रारी साधारण तीन-चार प्रकारच्या असतात आणि प्रत्येकाची कारणं वेगळी.

पहिली, स्लिप. वरच्या गियरमध्ये, चौथ्या किंवा पाचव्यात, ४०-५० च्या वेगाला एकदम अ‍ॅक्सिलरेटर पिळा. इंजिनचा आवाज किंवा आरपीएम चढला आणि स्पीड त्या मानाने चढला नाही तर क्लच घसरतोय. वरचा गियर अशासाठी की तिथे क्लचवर जोर जास्त येतो, पहिल्या गियरमध्ये अर्धवट गेलेला क्लचसुद्धा बरा वाटतो. म्हणूनच सर्व्हिस सेंटरवाला आवारात पहिल्या-दुसऱ्यात एक चक्कर मारून "ओके आहे सर" म्हणतो ना, त्याला काही अर्थ नसतो. ॲव्हरेज कमी होणं, जळका वास येणं, घाटात किंवा डबलसीटच प्रॉब्लेम जाणवणं, ही सगळी स्लिपची भावंडं.

दुसरी याच्या बरोब्बर उलटी, ड्रॅग. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबला तरी प्लेटा नीट सुटत नाहीत. सिग्नलला पहिला गियर टाकून क्लच दाबून उभे असलात तरी गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, गियर टाकताना खाडकन आवाज येतो. इथे एक सांगून ठेवतो, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिला गियर टाकताना थोडा धक्का देते ते बहुतेक वेळा नॉर्मल असतं, थंड तेलाने प्लेटा एकमेकांना चिकटलेल्या असतात. तसंच मेन स्टँडवर पहिल्या गियरमध्ये क्लच दाबून धरला तरी मागचं चाक हळूहळू फिरतं, तेही तेलामुळे. मागचा ब्रेक हलकेच दाबून चाक थांबलं तर काळजी नको. ब्रेक दाबल्यावर इंजिनच बंद पडायला लागलं तर मात्र ड्रॅग आहे.

तिसरी, जडर म्हणजे क्लच सोडताना गाडी थरथरत, हिसके देत निघणं. यात बऱ्याचदा स्टील प्लेटा तापून वाकलेल्या असतात, किंवा हाऊसिंगच्या खाचांना प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडलेले असतात, मग प्लेटा सरळ सरकतच नाहीत, अडकत अडकत सरकतात. आणि चौथी, आवाज. न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबला की बदलते किंवा जाते, किंवा उलट क्लच दाबला की घर्रकन आवाज सुरू होतो. दाबल्यावर येणारा आवाज असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर (रॉड आणि प्रेशर प्लेट यांच्यामधलं बेअरिंग), न दाबता येणारा असेल तर हाऊसिंगवर किंवा गियरबॉक्सच्या बेअरिंगवर. आवाज ही गोष्ट वॉरंटीच्या दृष्टीने तुमच्या बाजूची आहे, कारण बेअरिंग आणि हाऊसिंग यांना सहसा वेअर अँड टेअर म्हणता येत नाही.

लिव्हर जड झालाय ही तक्रार तर बहुतेक वेळा क्लचची नसतेच, केबलची असते. कोकणात पावसाळ्यात गाडी बाहेर राहिली की केबलच्या आत पाणी शिरून गंज धरतो. नवी केबल टाकली की लिव्हर लोण्यासारखा. पण ती केबलही वॉरंटीत येत नाही, तेवढे पैसे देऊन मोकळं व्हा, त्यावर वाद घालू नका.

प्लेटा जळायची कारणं, आणि कोणतं कोणाच्या खात्यात

आता मुद्द्यावर येऊ. प्लेटा लवकर गेल्या तर कारणं काय काय असू शकतात?

हाफ क्लचची सवय, ट्रिपल सीट, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून रोज चढ चढणं, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलून घेणं, हे सगळं आपल्या खात्यात. यात कंपनी पैसे देणार नाही आणि खरं सांगायचं तर द्यायचं कारणही नाही. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी वॉरंटी बुक जरा नीट वाचावं, काही कंपन्या व्यावसायिक वापर झाला की वॉरंटी कमी करतात किंवा काढूनच घेतात.

दुसरं कारण फ्री प्ले. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर टोकाशी थोडी मोकळी हालचाल असायला हवी, क्लच सुटायला लागण्याआधी. बऱ्याच कम्युटर, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या, बाईकच्या मॅन्युअलमध्ये ती लिव्हरच्या टोकाला १० ते १५ किंवा १० ते २० मिलिमीटर दिलेली असते, काही कंपन्या लिव्हरच्या मुळाशी मोजतात आणि मग आकडा २-३ मिलिमीटर असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आहे तो बघा. ही हालचाल शून्य केली तर काय होतं, तुम्ही हात लावला नाही तरी केबल सतत थोडी ओढलेली राहते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही आणि गाडी चोवीस तास किंचित हाफ क्लचवर चालते. गंमत अशी की गिऱ्हाईकच येऊन सांगतं "क्लच जरा टाइट करून द्या, लूज वाटतोय", आणि मेकॅनिक बिचारा करून देतो. पण तुम्ही सांगितलं नसताना शोरूममधून गाडी निघतानाच, किंवा पहिल्या फ्री सर्व्हिसला, केबल अशी ताणून ठेवलेली असेल तर ती चूक डीलरची. आणि ती सिद्ध करता येते, फक्त त्याच वेळी बघितलं पाहिजे. नवी गाडी ताब्यात घेताना किंवा सर्व्हिस करून घरी आणताना लिव्हर दोन बोटांनी हलवून बघायला पाच सेकंद लागतात. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवूनही बघा, कधीकधी केबलचा रस्ता चुकीचा असतो आणि हँडल वळलं की केबल ताणली जाते.

तिसरं, ऑइल. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बाईकचं इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात असतं. कारच्या तेलाला क्लचशी देणंघेणं नाही, म्हणून कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं टाकतात, मायलेज वाढावं म्हणून. तेच तेल बाईकमध्ये गेलं की इंजिन खूश, क्लच घसरायला मोकळा. यासाठी जपानी वाहन कंपन्यांनी जासो नावाचं मानक काढलं, १९९८ मध्ये, दुचाकीच्या तेलासाठी. डब्याच्या मागे छोट्या चौकोनात जासो एमए, एमए१ किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते वेट क्लचसाठी, त्यात एमए२ म्हणजे घर्षण जास्त टिकवणारं. जासो एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटरचं, कारण स्कूटरचा क्लच तेलात नसतो, बाहेर कोरडा असतो. १०डब्ल्यू३० किंवा २०डब्ल्यू५० हा आकडा फक्त जाडीचा आहे, त्यावरून क्लचला चालेल की नाही हे अजिबात कळत नाही. लोक ग्रेड बघून निर्धास्त होतात, जासो बघतच नाहीत. आता गंमत बघा, तेल जर सर्व्हिस सेंटरनेच भरलेलं असेल आणि बिलावर त्या तेलाचं नाव असेल तर जबाबदारी त्यांची. बाहेर कुठे भरलं असेल आणि बिल नसेल तर ते पहिलं बोट तिकडेच दाखवणार. म्हणून वॉरंटीत असेपर्यंत तेलाचं प्रत्येक बिल जपा, फोटो काढून ठेवला तरी चालेल, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.

चौथं कारण खरा मॅन्युफॅक्चरिंग दोष. स्प्रिंगा कमकुवत, लायनिंग प्लेटेवर नीट चिकटलेलं नाही, हाऊसिंगची खाच खडबडीत, रिलीज बेअरिंग खराब, रॉड अडकतोय. हे होतं, रोज होत नाही पण होतं. आणि याचा शेवटही वरून बघता तसाच दिसतो: प्लेटा गेल्या. स्प्रिंग कमजोर असल्यामुळे जळालेली प्लेट आणि हाफ क्लचमुळे जळालेली प्लेट या दोन्ही काळ्याच असतात.

मग फरक कसा करायचा? मोजून. प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तीन आकडे असतात: फ्रिक्शन प्लेटेची किमान जाडी, स्प्रिंगची मोकळी (बाहेर काढून, दाब नसतानाची) लांबी आणि स्टील प्लेट किती वाकलेली चालते ती मर्यादा. ती मर्यादा सहसा मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश इतकीच असते. व्हर्निअर (जाडी-लांबी मोजायला) आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) कुठल्याही सर्व्हिस सेंटरला असतं, दहा मिनिटांचं काम आहे. प्लेटा सगळ्या सारख्या झिजून मर्यादेखाली गेल्यात आणि स्प्रिंगा व्यवस्थित आहेत, तर ती वापराची झीज म्हणायला जागा आहे. लायनिंग जाडीला जवळपास नव्यासारखं आहे पण तुकडे तुकडे सुटून आलंय, तर चिकटवण्यात गडबड असायची शक्यता मोठी. स्प्रिंगा लांबीला कमी भरतात, त्यातही एखाददुसरीच कमी आणि बाकीच्या ठीक, तर प्रश्न विचारायलाच हवा. प्लेटा काळ्या, स्टील प्लेटा निळ्या पडलेल्या पण जाडी शिल्लक, तर ते थोड्या वेळात प्रचंड तापल्याचं लक्षण, मग एकतर एखाद्या चढावर कोणीतरी क्लच पेटवलाय किंवा केबल टाइट होती किंवा तेल चुकीचं. हे कोर्टातल्या पुराव्यासारखं शंभर टक्के नसतं हे मान्य, पण "तुम्हीच हाफ क्लच मारता" या वाक्यापेक्षा हजारपट बरं.

वॉरंटी बुकात काय असतं

जाहिरातीत पाच वर्षं वॉरंटी दिसते. हिरोची ५ वर्षं किंवा ७०,००० किलोमीटर, बजाजची ५ वर्षं किंवा ७५,००० किलोमीटर, जे आधी संपेल ते, असे मोठे आकडे असतात, मॉडेलप्रमाणे बदलतात. पण आतल्या पानावर वगळलेल्या वस्तूंची यादी असते आणि त्यात क्लच प्लेटा, ब्रेक शू, पॅड, केबल, चेन स्प्रॉकेट, बल्ब, फिल्टर, प्लग, रबराचे पार्ट हे जवळपास सगळ्यांकडे सापडतील. तेल आणि गॅस्केटचे पैसे वॉरंटी मंजूर झाली तरी बऱ्याचदा आपल्याकडूनच घेतात.

आता ही यादी नीट वाचा. "क्लच प्लेट" लिहिलंय की "क्लच असेंब्ली"? बहुतेक ठिकाणी झिजणारा भाग वगळलेला असतो, अख्खा क्लच नाही. हाऊसिंग, सेंटर, प्रेशर प्लेट, बेअरिंग, स्प्रिंगा यांचं काय ते तुमच्या बुकात बघून घ्या. आणि यातला एखादा भाग दोषी निघाला, आणि त्याच्यामुळे प्लेटा गेल्या, तर प्लेटांचाही खर्च मागायला तुमच्याकडे तर्क आहे. सगळ्या कंपन्या लगेच मानतील असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

अटीही असतात. सगळ्या फ्री सर्व्हिस वेळेत, अधिकृत सेंटरला, बुकात शिक्क्यासकट. एक चुकली की कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, भले त्या सर्व्हिसचा क्लचशी काही संबंध नसो. आणि वॉरंटी चालू असताना गल्लीतल्या मेकॅनिककडून उजवीकडचं कव्हर उघडू नका. तो कदाचित सर्व्हिस सेंटरच्या पोरापेक्षा दहापट हुशार असेल, माझ्या ओळखीत असे आहेत, पण एकदा त्याने बोल्ट फिरवला की "बाहेर उघडलीय" हा शिक्का बसतो. त्याच्याकडून फक्त बाहेरून तपासून घ्या: फ्री प्ले, केबल, आणि एक राइड.

जॉब कार्ड, जिथे सगळं ठरतं

काउंटरवरच्या माणसाची बाजूही समजून घ्या. वॉरंटी देते कंपनी, डीलर नाही. डीलर काम करतो, काढलेला पार्ट टॅग लावून कंपनीकडे क्लेम पाठवतो आणि कंपनीने क्लेम नाकारला तर खर्च डीलरच्या अंगावर. त्यामुळे ज्यात थोडीही शंका आहे ते काम वॉरंटीत घ्यायला तो नाखूश असतो. त्याच्यावर ओरडण्यात हशील नाही, त्याला क्लेम मंजूर होईल असा कागद तयार करायला मदत करा.

जॉब कार्डवर "क्लच प्रॉब्लेम" किंवा त्याहून वाईट म्हणजे "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. लिहायला लावा: "पाचव्या गियरमध्ये ५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो, स्पीड वाढत नाही. ओडोमीटर अमुक. कारण तपासून सांगावे." आणि सल्लागाराला किंवा फोरमनला बरोबर घेऊन रोड टेस्ट करा, गाडी गरम असताना, शक्यतो एखाद्या पुलाच्या चढावर. त्याने स्वतः चालवून बघितलं की पुढचं सोपं होतं.

कव्हर उघडण्याआधी सांगायचं, "दादा, उघडताना मला बोलवा, पार्ट बघायचेत." हे मागायला काही संकोच नको. बऱ्याच वॉरंटीत असं असतं की बदललेला जुना पार्ट कंपनीचा होतो, तो घरी नेता येत नाही, म्हणून फोटो आणि व्हिडिओ तिथेच काढायचे: प्लेटांच्या दोन्ही बाजू, स्प्रिंगा एका रांगेत उभ्या करून, हाऊसिंगच्या खाचा आतून, आणि व्हर्निअरवरचा आकडा दिसेल असा एक. मोजलेले आकडे जॉब कार्डवर लिहून घ्या. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी मागा, कारणासकट. तोंडी "येत नाही" म्हणणं आणि खाली सही करून "ग्राहकाच्या वापरामुळे" लिहिणं यात फार फरक आहे, दुसरं करताना माणूस दोनदा विचार करतो आणि बऱ्याचदा इथेच सूर बदलतो.

तिथे नाहीच जमलं तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, डीलरला कॉपी ठेवून. ईमेलमध्ये रागलोभ नको: चेसिस नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, सर्व्हिसच्या तारखा, लक्षण, मोजमाप, फोटो, आणि शेवटी काय हवंय ते एका वाक्यात. कंपन्यांकडे गुडविल नावाचा एक मधला रस्ता असतो, म्हणजे वॉरंटी मान्य न करता पार्टचा सगळा किंवा निम्मा खर्च उचलायचा. सर्व्हिस रेकॉर्ड स्वच्छ असेल तर तो मिळायची शक्यता चांगली असते, आणि निम्मा खर्च सुटत असेल तर अहंकार बाजूला ठेवून घ्या असंच मी सांगेन. वर्षभर ग्राहक आयोगाच्या तारखा घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, फुकट आहे, आणि मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारींना सहसा उत्तर देतात. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. निकाल हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतली आणि तुम्ही लातूरला राहता तर लातूरला. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. मुदत मात्र २ वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

पण अपेक्षा योग्य ठेवा. वस्तूत दोष आहे हे दाखवायची जबाबदारी मुळात तक्रारदाराची असते. नुसतं बघून दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, ती तरतूद कायद्यात आहे, आणि अशा वेळी तुमच्या जॉब कार्डवरचे आकडे आणि फोटो सोन्याच्या भावाचे. आणि "क्लच खराब आहे, मला गाडीच बदलून द्या" हे सहसा मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका केसमध्ये, जी योगायोगाने क्लचचीच होती, हेच सांगितलं की वॉरंटीत दोषी पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं वचन असेल तर तेवढंच मागता येतं, अख्खी गाडी नाही. आपल्याकडे अमेरिकेसारखा वेगळा लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणारी सदोष गाडी परत घ्यायला किंवा बदलून द्यायला लावणारा कायदा, नाही. त्यामुळे मागणी करताना पार्ट, मजुरी, गाडी बंद असलेल्या दिवसांचा खर्च आणि त्रासाची भरपाई, एवढं नीट मांडलं तर निभाव लागतो.

काम होऊन गाडी हातात आली की थोडं बघून घ्यायचं. जळालेल्या लायनिंगचा भुगा सगळा तेलात गेलेला असतो, म्हणून तेल नवं आणि तेलाची जाळी साफ झालीय का हे बिलावर बघा. जुनंच तेल परत ओतलं असेल तर नव्या प्लेटांचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी झालं. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवायच्या असतात, घाईत कोरड्याच बसवतात, तेव्हा समोर उभे असाल तर विचारा. फक्त फ्रिक्शन प्लेटा बदलून वाकलेल्या स्टील प्लेटा आणि थकलेल्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या की दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तोच तमाशा, म्हणून सेटच बदला, कम्युटर बाईकला फरक काही शे रुपयांचा असतो. उजवीकडच्या कव्हरच्या जोडावर दोन दिवसांनी बोट फिरवून बघा, गॅस्केट नीट बसलं नसेल तर तेल झिरपतं.

नव्या प्लेटा पहिले काहीशे किलोमीटर थोड्या बसतात आणि बहुतेक बाईकमध्ये त्यामुळे फ्री प्ले कमी होत जातो, म्हणून ५०० किलोमीटरच्या आसपास परत एकदा तपासून अ‍ॅडजस्ट करून घ्यायचा, तोपर्यंत घाटात जोर काढू नका. बदललेल्या पार्टला नव्याने पाच वर्षं मिळत नाहीत, बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटीचा जेवढा काळ उरलाय तेवढाच. त्यामुळे बिलावर "वॉरंटीत बदलले" असं पार्ट नंबरसकट छापून आलंय का ते काउंटर सोडण्याआधीच बघा, शून्य रुपयांचं बिल असलं तरी ते हातात घ्याच, कारण तोच प्रॉब्लेम परत आला तर दुसऱ्या वेळच्या जॉब कार्डला हे पहिलं बिल जोडायचंय.